जागल नसते तेव्हा

"झोप कशी लागते?" असं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी जागलीवर असतो."

उत्तर खोटं नव्हतं. आमच्या शिवारात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांनी उच्छाद मांडलाय. सोयाबीन शेंगांवर आलं की रात्री मचाणावर कुणीतरी बसावंच लागतं. सोयाबीन निघालं की तूर, तुरीच्या संगतीनं हरभरा. घरात आम्ही दोघं भाऊ, एक दिवसाआड पाळी. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "आणि जागल नसते तेव्हा?"

मी गप्प झालो. गेल्या दोन महिन्यांत माझी जागल नसलेली रात्रच नव्हती. धाकट्याची पाळीही मी मागून घेत होतो. घरी पडून पत्र्याकडं बघत बसण्यापेक्षा मचाणावरून अंधाराकडं बघणं बरं, एवढंच त्यात होतं. गाव म्हणे, माणूस कष्टाळू. आई म्हणे, मोठा लहान्याले जपते. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आपल्याला झोप येत नाही हे मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यावर कळलं.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, लाइट बिल, आणि खरिपात पीक विमा. सोबत साडेचार एकर कोरडवाहू. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. शेतकऱ्याकडून एक रुपया घ्यायचा, आम्हाला अर्जामागं कंपनीकडून ४० रुपये. जुलैमध्ये माझ्या ओट्यावर चपला ठेवायला जागा नव्हती. सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडायला लागलं. आधी वाटलं पाण्याची ओढ बसली. मग कळलं की पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीनं पसरणारा रोग. बघता बघता शिवार हळद खेळल्यासारखं झालं. नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं असा नियम, म्हणून सगळं गाव माझ्याकडं. सर्व्हर अडकायचा, ओटीपी यायचा नाही, आला तर म्हाताऱ्याचा मोबाइल नातवासोबत शाळेत. मी रात्री अकरापर्यंत लोकांच्या तक्रारी टाकत बसलो. माझंही सोयाबीन पिवळंच होतं. माझी तक्रार टाकायला बसलो तेव्हा ७२ तास उलटून गेले होते.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात एक काकाजी आले. चारचौघांत म्हणाले, "काऊन गा, माह्या रुपया कुठं गेला?" सगळे हसले. काकाजींच्या मनात काही नव्हतं, थट्टाच होती ती. पण माझा हात अंगठ्याच्या मशीनवर थरथरायला लागला आणि थांबेना. छातीत घण पडल्यासारखं झालं, घाम फुटला, श्वास पुरेना. धाकट्यानं मोटारसायकलवर मागं बसवून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. ईसीजी ठीक, बीपी थोडं वर. डॉक्टर म्हणाले, हार्ट उत्तम आहे, एकदा जिल्ह्याला मानसिक आरोग्य विभागात दाखवून घ्या. चिठ्ठी दिली. ती मी पाकिटात ठेवली, वाहनाच्या विम्याच्या कागदामागं. सतरा दिवस.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात २०१५ पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी काढलेला. आशाताई घरोघरी जाऊन विचारतात, झोप लागते का, जेवण जाते का, उदास वाटते का. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या गावची आशा माझी चुलत वहिनी. ती दारात उभी राहून विचारणार आणि मी तिला सांगणार? तिलाही ते ठाऊक होतं. "काही नाही ना भाऊजी?" असं ती विचारायची आणि मी म्हणायचो, काही नाही. प्रश्नातच उत्तर घालून द्यायची बिचारी. माझं मत असं आहे की अशा गोष्टी बोलायला परकं माणूस लागतं. ज्याच्या घरी आपण लग्नात वाढपी म्हणून फिरलो, त्याच्यापुढं नाही बोलता येत.

सतराव्या दिवशी बायकोला पाकिटात चिठ्ठी सापडली. तिनं वाचली, काही बोलली नाही. जेवताना म्हणाली, "सोमवारी जाऊन येऊ. मी येतो संगं. माह्यं तं तिकीट हाफच लागते."

गावात सांगितलं, दाताचं काम आहे.

सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा जाणाऱ्यानं दिवस मोकळा ठेवावा. आम्ही साडेनऊला पोचलो, नंबर लागला पावणेबाराला. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत, त्यामुळं खर्च एसटीचा आणि पोह्यांचा. बाकावर बसलो तर समोर शेजारच्या गावचा ओळखीचा माणूस. त्याच्या धाकट्या मुलाचा जातीचा दाखला मीच काढून दिलेला. दोघांनी एकदमच जमिनीकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पाव्हण्याले घेऊन आलो." मी म्हटलं, "मी पण." दोघांसोबतही पाहुणा नव्हता.

आधी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. दहा मिनिटं. थायरॉइडचं रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड बिघडला तरी अशी धडधड होते म्हणे. एक गोळी लिहून दिली. तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आधी थोडं मळमळेल, मनानं बंद करायची नाही, असं बजावलं. मग म्हणाले, "आता पलीकडच्या खोलीत समुपदेशनाला बसा."

हा शब्दच मला नडला. समुपदेशन म्हणजे चांगला उपदेश, असा मी अर्थ लावला होता. वाटलं, आत कुणीतरी मोठं माणूस असेल, आपलं ऐकून घेईल आणि सांगेल, बाबा रे, असं असं कर. आत होती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. टेबल, पंखा, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. मनात म्हटलं, ही काय सांगणार मला कर्जाचं.

तिनं सांगितलं काहीच नाही. आधी फक्त नियम सांगितले. बसणं साधारण पाऊण तासाचं, सुरुवातीला आठवड्याला एकदा, सहा-आठ भेटींनंतर आपण दोघं मिळून बघू. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मात्र मला घरच्यांशी बोलावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. मी विचारलं, "माझ्या बायकोला?" म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेवढंच." बायको बाहेर बाकावर बसून होती. ती घरी गेल्यावर विचारेल याची मला धास्ती होती. तिनं आजवर विचारलेलं नाही.

मग एक फॉर्म आला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. मी रोज पंचवीस लोकांचे फॉर्म भरणारा माणूस. कोणत्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज परत येत नाही, हे मला बघताक्षणी कळतं. मी विचारलं, "मॅडम, किती आले म्हणजे पास?" ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "हा अर्ज नामंजूर होत नाही, भाऊ. खरं तेच भरा." २७ पैकी १६ आले. तिनं आकडा लपवला नाही. म्हणाली, त्रास बऱ्यापैकी आहे, पण हा निकाल नाही, पुढं कमीजास्त होतो की नाही हे बघायला मोजमाप आहे. जमिनीची मोजणी करतात तसं, असं मी मनात म्हटलं.

आणि मग ते झोपेचं आणि जागलीचं. पहिली भेट तिथंच संपली. घरी परतताना एसटीत मी इतका झोपलो की फाट्यावर कंडक्टरनं उठवलं.

दुसऱ्या भेटीत तिनं घरातल्या माणसांचा नकाशा काढला. आजोबा, बाबा, काका, आत्या, आम्ही भावंडं, पोरं. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. मला वैताग आला. माझ्या छातीत धडधडतं आणि ही वारसान ठराव करत बसली. धाकट्या काकाच्या चौकोनावर तिनं विचारलं, "हे कशानं गेले?" मी म्हटलं, "फवारणीचं." आमच्याकडं एवढं बोललं की पुढचं कुणी विचारत नाही. तिनंही तेवढ्यावरच सोडलं, पण पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून सरळ विचारलं, "तुमच्या मनात कधी येतं का, मरून जावं असं?"

अंगावर काटा आला. असं कुणी तोंडावर विचारतं? आमच्या घरात तो शब्दही कुणी उच्चारत नाही, न जाणो लागेल म्हणून. मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "मरावं असं नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटते." हे बोललो आणि वाटलं, झालं, आता ही डॉक्टरला बोलावणार, मला नागपूरला धाडणार. आमच्याकडं पोरं चिडवतात ना, याले पागलखान्यात टाका लागते, तेच डोळ्यांपुढं आलं. तिनं तसं काही केलं नाही. आवाज होता तसाच ठेवून आणखी तीन-चार गोष्टी विचारल्या. कधीपासून, रोज की कधीमधी, काही ठरवलंय का. नंतर मी तिला विचारलं की असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं घुसत नाही का. म्हणाली, घुसत नाही, उलट असलेलं बोलायला वाट मिळते. माझ्यापुरतं तरी तसंच झालं. महिनाभर जे मचाणावर माझ्याशेजारी बसून होतं, ते उठून थोडं लांब जाऊन बसलं.

तिनं त्या दिवशी एकच गोष्ट करायला सांगितली. सांगितली म्हणजे विचारली: "फवारणीचं औषध घरात कुठं असतं?" म्हटलं, पडवीत, कोनाड्यात. "ते दुसऱ्या कुणाच्या ताब्यात, कुलपात ठेवता येईल का, काही महिने?" मला अपमान वाटला. तरी बाहेर आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं एक अवाक्षर न काढता त्याच संध्याकाळी सगळे डबे तिच्या भावाच्या गोदामात नेऊन ठेवले. चावी त्याच्याकडं. आता फवारणीच्या दिवशी साळा स्वतः डबा घेऊन धुऱ्यावर येतो आणि उरलेलं परत नेतो. कारण विचारलं तर म्हणतो, लहान पोरं आहेत घरात. कापसाच्या मुलखात हे प्रत्येक घरानं करायला हवं असं मला वाटतं, मनात काही असो वा नसो. तिनं १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबरही मोबाइलमध्ये घालायला लावला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मी तो "खत दुकान नवीन" या नावानं ठेवला. दोनदा लावला. एकदा रात्री दोनला, मचाणावरून.

तिसऱ्या भेटीपर्यंत मला हे सगळं सोडून द्यायचं होतं. गोळीनं मळमळत होतं, सोमवारचा बाजार बुडत होता, केंद्र बंद राहिलं की लोक फोन करून हैराण करत होते, आणि गावात माझ्या दातांचा विषय झाला होता. पारावर एकानं विचारलं, "काऊन गा, आता किती राह्यले तोंडात?" मी गेलो ते शेवटचं सांगायलाच. म्हटलं, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही काही सांगतच नाही. मी बोलतो, तुम्ही लिहिता. माझं विम्याचं तसंच, सोसायटीचं कर्ज तसंच."

मला वाटलं होतं ती दुखावेल. ती म्हणाली, "बरं झालं बोललात. मला वाटतच होतं." मग विचारलं, "आतापर्यंत काय करायचं हे किती जणांनी सांगितलं तुम्हाला?" मी बोटांवर मोजायला लागलो. आई म्हणाली, नजर लागली, शनिवारी मारुतीला तेल. साळा म्हणाला, ध्यान शिबिराला जा. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर म्हणाले, सकाळी फिरायला जा, म्हणजे शेतकऱ्याला फिरायला जा! मित्र म्हणाला, एक क्वार्टर घे अन् झोप. बायकोची मावशी म्हणाली, घराचं दार बदल. "ह्यातलं काय उपयोगी पडलं?" मी म्हटलं, क्वार्टर, दोन दिवस. दोघंही हसलो. "मग मी सहावा सल्ला दिला तर त्याचं काय होईल?"

तिनं समजावलं ते माझ्या शब्दांत असं: विमा आणि कर्ज तिच्या हातात नाही, ते ती सोडवू शकत नाही आणि सोडवते असं म्हणणार नाही. पण ते सोडवायला जो माणूस लागतो तो सध्या दोन तास झोपतो, एक भाकर खातो आणि फोन वाजला की दचकतो. आधी त्या माणसाकडं बघू. मला हे पटलं असं म्हणणार नाही. पण राग गेला. कुणालाही सांगेन की पहिल्या तीन भेटींत मनात जे येईल, कंटाळा, संशय, ही पोर काय सांगणार हे सुद्धा, ते त्या खोलीतच बोलून टाका. आणि इतकं करूनही जमलं नाही तर दुसरं माणूस मागा. डॉक्टर बदलतो तसं हेही बदलता येतं.

चौथ्या भेटीत मी रडलो. काकाचं बोलताना. त्याबद्दल इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतरचे दोन दिवस आधीपेक्षा वाईट गेले आणि मला वाटलं बिघडलं. मॅडमनी आधी सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, म्हणून निभावलं.

पाचव्या भेटीपासून काम सुरू झालं. काम म्हणजे खरोखर काम, वहीत लिहायचं. काय घडलं, डोक्यात काय आलं, अंगात काय झालं, मी काय केलं. पहिली नोंद: सोसायटीच्या सचिवाचा फोन वाजला. डोक्यात आलं, जमीन जाणार. छातीत धडधड. फोन उचलला नाही. तिनं विचारलं, "जमीन जाणार, याला आधार काय?" मी म्हटलं, थकबाकी आहे. "नोटीस आली?" नाही. "सचिवानं तसं म्हटलं?" फोनच उचलला नाही तर काय म्हणणार. "गावात या कर्जापायी कुणाची जमीन गेलेली तुम्ही पाहिली?" आठवून आठवून एकही सापडेना. मी म्हटलं, "मॅडम, हे तर पंचनामा झाला." पिकाचं नुकसान किती टक्के, हे आपण बांधावरून सांगत नाही ना, आत शिरून बघावं लागतं. तिला शब्द आवडला. तेव्हापासून आमच्या खोलीत विचारांचा पंचनामा होतो. सगळेच विचार खोटे निघतात असं नाही, हेही सांगतो. सोयाबीन गेलं ते गेलंच. एकरी सव्वा क्विंटल झालं. त्याच्या रकान्यात आम्ही दोघांनी "शंभर टक्के खरं" असं लिहिलं, आणि मला का कोण जाणे, त्यानं बरं वाटलं.

सचिवाला मी परत फोन लावला. त्याच्या मुलीचा नॉन-क्रिमीलेयर काढायचा होता.

श्वासाचा एक प्रकारही शिकवला. घ्यायचा थोडा, सोडायचा सावकाश, लांबवून. टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोन मोठी माणसं फू फू करतायत, मला लाज वाटली. पण काउंटरवर हात थरथरला की आता मी प्रिंटरमध्ये कागद घालायला वाकतो आणि तिथं करतो. कुणाला कळत नाही. झोपेचं तिनं साधं ठेवलं: धाकट्याची पाळी त्याला परत, म्हणजे एक रात्र मचाण, एक रात्र घर, आणि रात्री घरी झोपायच्या दिवशी दुपारची डुलकी बंद. धाकट्याला मी सांगितलं, आता तुझी जागल तू कर. तो म्हणाला, "मले वाटलं तुले आवडते."

सातव्या भेटीत फॉर्म परत भरला. २७ पैकी ९. भेटी पंधरा दिवसांवर गेल्या. गोळी डॉक्टर म्हणतील तोवर आहे. घरच्या रात्री चार-साडेचार तास झोप लागते, पहाटे तीनच्या सुमारास अजून जाग येते.

आता नवीन काम आहे ते केंद्र सात वाजता बंद करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सातला शटर ओढलं की सव्वासातला कुणीतरी मागच्या दारी येतो, भाऊ फक्त एक ओटीपी टाका. मी पाटी रंगवून आणली: वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ७. पहिल्या दिवशी पोरांनी तिच्यावर खडूनं "दात" लिहिलं. पुसली नाही मी, असू दे म्हटलं.

सोमवारी बंद केलं. मंगळवारी तेच काकाजी आले, रुपयावाले, साडेसातला, बायकोचं आधार घेऊन, दवाखान्यात लागते म्हणाले. उघडलं. बुधवारी बंद. गुरुवारी लाइटच नव्हती, ते मोजायचं की नाही माहीत नाही. वहीत चारही दिवस लिहिलेत. मंगळवारच्या रकान्यात "डोक्यात काय आलं" इथं अजून काही लिहिलं नाही. भेट येत्या सोमवारी आहे, ती तिथंच बोट ठेवणार.